विरहकंकणाचा चौथा अंक

कानिफनाथ गाडिलकरांनी ‘संगीत विरहकंकण’ हे नाटक उभ्या आयुष्यात चार वेळा पाहिलं होतं आणि त्याचा चौथा अंक एकदाही पाहिला नव्हता. यात त्यांचा काडीचा दोष नव्हता. नाटक ऐन रंगात आलं की त्यांच्या आयुष्यात काहीतरी घडायचं, आणि ते घडायला त्यांना उठून बाहेर जावं लागायचं.

पहिल्यांदा ते नऊ वर्षांचे होते. सुप्याच्या जत्रेत एका मोडकळीला आलेल्या कंपनीनं कनात ठोकली होती. दुसऱ्या अंकात राजा चंद्रकेतूचं राज्य जातं, तेवढ्यात वडील आले आणि कान धरून त्यांनी कानिफला बाहेर काढलं. गुरं मोकळी सोडून नाटक बघणारं पोर शेतीच्या कामाचं नाही, असा निकाल त्यांनी जागच्या जागी दिला आणि आठ दिवसांत त्याला नगरच्या बोर्डिंगात टाकलं. चंद्रकेतूचं राज्य गेलं नसतं तर आपण आज वाडीवर नांगर हाकत असतो, असं गाडिलकर ऑफिसात सांगत.

दुसऱ्यांदा लढाईचे दिवस होते. तिसऱ्या अंकात दिवे घालवण्याचा सराव निघाला आणि अंधारातल्या पळापळीत गाडिलकरांच्या हाती भलत्याचीच छत्री आली. मुठीवर नाव होतं. दुसऱ्या दिवशी ते छत्री परत करायला गेले, तर मालक भिंगारच्या लष्करी डेपोतला बडा बाबू निघाला. छत्री परत करणारा मनुष्य त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्या धक्क्यातच त्यानं नोकरी दिली. तिसऱ्यांदा चौथ्या अंकाची घंटासुद्धा झाली होती, तर चुलते रखमाजीतात्या रांगा तुडवत आले. “ऊठ, राहुरीची पोरगी बघायची हाय, गाडी चुकंल.” गाडी मिळाली, पोरगी मिळाली, चौथा अंक राहिला. आणि एकावन्न साली चौथ्या अंकाचा पडदा वर जाणार तोच शेजारी तार नाचवत आला. राहुरीला, बायको राहीबाईंच्या माहेरी, मुलगी झाली होती. बारशाला माहेरच्यांनी चांगुणा नाव ठरवलं होतं. गाडिलकरांनी हट्टानं हेमलता ठेवलं, कारण नाटकातल्या नायिकेचं तेच नाव होतं.

त्र्याहत्तर सालापर्यंत ती हेमलता लग्न होऊन सासरी गेली, नाटकाची कंपनी कधीच देवाघरी गेली आणि गाडिलकर डेपोत हेडक्लार्क झाले. नाटकाची एक जीर्ण वही त्यांनी खटपट करून मिळवली होती आणि चारी अंक त्यांना तोंडपाठ होते. पण शब्द पाठ असणं म्हणजे नाटक पाहणं नव्हे. भूक लागल्यावर ताटातले पदार्थ मोठ्यानं वाचून पोट भरत नाही. दारात आलेल्या फकिराच्या वेषातल्या चंद्रकेतूला हेमलता ओळखते, ते डोळ्यांनी कसं दिसतं, कानांनी कसं ऐकू येतं, एवढं कळल्याशिवाय आपण निवृत्त व्हायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की दुष्काळ निधीसाठी ‘विरहकंकण’ बसवणार, आणि चंद्रकेतूचं काम स्वतः करणार.

“राजाच मी म्हटल्यावर मला अर्ध्यातून उठवणार कोण?” ते म्हणाले.

“अन् आता काय घडायचं राह्यलंय?” राहीबाईंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. गाडिलकरांनी भाकरीचा तुकडा मोडून तो टाळला.

शेजारच्या बन्सी डावऱ्यांनी ही बातमी भिंतीपलीकडून ऐकली आणि ताट तसंच ठेवून ते सल्ला द्यायला आले. बन्सी पोस्टात होते. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याकडे सल्ला तयार असे आणि तो बहुधा बरोबरही असे, म्हणूनच तो धोक्याचा असे. “संगीत नाटकाला पायपेटी लागते गाडिलकर,” ते म्हणाले. “हातपेटीवर राजा गात नसतो, भजनी मंडळ गातं.”

पायपेटी नगरात होती, पण एका चर्चमध्ये. ती वाजवणारे शमुवेल मास्तर निवृत्त शिक्षक, अत्यंत सज्जन. रविवारची उपासना आटोपली की पेटी न्या, पण तिच्याबरोबर मी येणार, एवढीच त्यांची अट होती. मास्तरांना नाट्यपदं येत होती. फक्त चाळीस वर्षं प्रार्थनागीतं वाजवल्यामुळे त्यांच्या पायांना एक संथ, पवित्र चाल लागून गेली होती. चंद्रकेतू शत्रूवर तुटून पडतो ते पद त्यांनी वाजवलं की शत्रूला क्षमा केल्यासारखं वाटे. गाडिलकर “मास्तर, जरा जलद” म्हणत, मास्तर हसून “होय होय” म्हणत आणि दोन ओळींत पुन्हा क्षमेवर येत.

मग परवानगी. आता हेडक्लार्क माणसाला अर्ज भरण्याची भीती कसली? गाडिलकरांनी पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवले होते. रकाना रिकामा सोडणारा मनुष्य पुढे काहीही करू शकतो, असं ते हाताखालच्या कारकुनांना बजावत. परवानगीच्या अर्जात एक रकाना होता: ‘प्रयोगात शस्त्रांचा वापर होणार आहे काय? असल्यास तपशील.’ गाडिलकरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘होय. तलवारी, नग चार.’

बन्सींनी कपाळावर हात मारला. “अहो, लाकडी तरी लिहायचं!”

“तलवार कशाची, असं विचारलेलं नाही,” गाडिलकर म्हणाले. “विचारलं असतं तर लिहिलं असतं.”

त्या एका ओळीमुळे कागद ज्या टेबलावरून सरळ सहीला जायचा, तिथून तो शस्त्रपरवान्यांच्या टेबलावर गेला. तिथल्या कारकुनाने विचारणा केली की तलवारी वडिलोपार्जित आहेत की खरेदी केलेल्या. गाडिलकरांनी लिहून दिलं की त्या बाभळीच्या आहेत. त्यावर, बाभळीच्या असल्याबद्दल खात्री करून अहवाल पाठवावा, असा शेरा पडला. एक जमादार घरी आला, त्यानं चारही तलवारी वाकवून पाहिल्या आणि नमुना म्हणून दोन घेऊन गेला. त्या परत आल्या नाहीत. चार योद्ध्यांच्या लढाईत दोन योद्ध्यांनी ढालींवर भागवायचं ठरलं. आपण दुसऱ्यांना लावलेला नियम आपल्याला लागला की तो इतका बोचतो, हे गाडिलकरांना त्या महिन्यात प्रथमच कळलं. त्यांनी सोमवारी ऑफिसात तीन अडलेले अर्ज मुकाट्याने पास केले.

सभागृह मिळालं ते कॅन्टोन्मेंटमधलं, जवानांच्या करमणुकीचं. रविवारी दुपारी दोन ते सहा. साडेसहाला तिथं जवानांना सिनेमा दाखवायचा असे. ते सांभाळणारे सुभेदार मिशीला पीळ देत म्हणाले, “छे बजे मतलब छे बजे, बाबूजी.” चार अंकांना चार तास भरपूर झाले, असा गाडिलकरांनी हिशेब केला. हेमलतेच्या कामाला पुण्याहून एक बाई ठरवल्या होत्या. त्यांना सहा वाजताची एस. टी. गाठायची होती. एकूण सगळं सहावर येऊन ठेपलं होतं.

तालमी डेपोतल्या मंडळींच्या सोयीनं झाल्या. हौशी नाटकात चौथ्या अंकाची तालीम होत नसते. पहिल्या अंकाची अठरा वेळा होते, दुसऱ्याची चार वेळा, तिसरा बसून वाचतात आणि चौथ्याबद्दल “तो काय, होऊन जाईल” असं म्हणतात. गाडिलकरांना हे खुपत होतं. पण प्रत्यक्ष पाहायचा तो पहिल्यांदा रंगमंचावरच, असं मनाशी ठरवून त्यांनी ते गोड मानून घेतलं.

आणि मग बन्सींनी तो सल्ला दिला.

“गाडिलकर, संगीत नाटकात वन्स मोअर नाही मिळाला तर राजा काय अन् द्वारपाल काय, सारखेच. अन् लोक हल्ली आपण होऊन देत नाहीत. सुरुवात करून द्यावी लागते.”

“म्हणजे माणसं पेरायची?” गाडिलकर ताडकन म्हणाले. “माझ्या गळ्यावर विश्वास नाही का तुमचा?”

“गळ्यावर आहे. लोकांवर नाही.”

गाडिलकर दोन दिवस बन्सींशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते एस. टी.नं सुप्याला उतरले आणि वाडीपलीकडच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेले. उन्हात अर्धं गाव खडी फोडत होतं. रखमाजीतात्या सत्तरीचे, पण हातोडी थांबत नव्हती. गाडिलकरांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं: रविवारी वाडीवरची चाळीस माणसं आणायची, पुढच्या दोन रांगांत बसवायची, आणि माझं गाणं संपलं की एकदम ओरडायचं, वन्स मोअर.

“म्हंजे?” तात्यांनी विचारलं.

“म्हणजे गाणं लई आवडलं, पुन्हा म्हणा.”

“बरं. कवा वरडायचं म्हनला?”

“माझं गाणं संपलं, की लगेच.”

“परत्येक येळी?”

“प्रत्येक वेळी,” गाडिलकर म्हणाले. त्यांच्या मनात नाटकातली सहा पदं होती.

तात्यांनी मान डोलावली. तात्या शब्दाचे पक्के. रविवारचा खाडा पडणार होता, दुष्काळात एका दिवसाची मजुरी म्हणजे काय ते सांगायला नको, पण कानिफ राजा व्हायचाय म्हटल्यावर कुणी का-कू केली नाही. उलट चार दिवस खडी फोडताना त्यांनी सराव केला. तात्यांची हातोडी वर जायची, आणि खाली आली की चाळीस गळे: वन्स मोअर!

रविवार उजाडला. राहीबाईंनी पहाटेपासून रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, वाडीच्या मंडळींना पोटभर जेवू घातलं आणि मग आयाबायांना घेऊन त्या तिसऱ्या रांगेत बसल्या. सभागृह भरलं. नारळ फुटला, नांदी झाली, घंटा झाली. जरीच्या अंगरख्यात गाडिलकर आले आणि त्यांनी पहिलं पद लावलं. आवाज लागला होता. खरंच लागला होता. शमुवेल मास्तरांच्या पायांतसुद्धा त्या दिवशी जरा जीव होता. पद संपलं, तात्यांचा उजवा हात वर गेला आणि खाली आला.

“वन्स मोअर!”

चाळीस माणसांनी खडीवर घटवलेला तो आवाज छतापर्यंत गेला. गाडिलकरांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. पेरलेलं असलं तरी उगवलेलं गोडच लागतं. त्यांनी नम्रपणे हात जोडले आणि पद पुन्हा म्हटलं. ते संपलं. तात्यांचा हात वर गेला.

“वन्स मोअर!”

आणि इथं गाडिलकरांना कळलं की आपण काय सांगून बसलोय. वन्स मोअरला म्हटलेलं गाणंही संपतंच की! तात्यांच्या दृष्टीने हिशेब चोख होता. गाणं संपलं, ओरडायचं. तिसऱ्यांदा गाडिलकरांनी आवाज चढवला. चौथ्यांदा घशाला कोरड पडली. त्यांनी तात्यांकडे डोळे मोठे करून पाहिलं. तात्यांना वाटलं, आवाज कमी पडतोय. पाचव्या खेपेला मागच्या रांगांतले शहरी प्रेक्षकही मजा म्हणून सामील झाले. न गाता पुढे जावं, तर प्रेक्षकांची मागणी नाकारणारा राजा अशी कायमची नाचक्की. सातव्यांदा मास्तरांनीच पाय उचलून घेतले आणि पेटी बंद पडली म्हणून पद थांबलं. पहिल्या अंकाला पावणेदोन तास लागले. हेमलतेच्या बाई घड्याळाकडे बघत प्रेमाचे संवाद म्हणत होत्या.

मध्यंतरात गाडिलकर मुकुटासकट धावत खाली आले. “तात्या, बास! आता ओरडू नका. एकदाही नको.”

तात्यांचा चेहरा पडला. “आमचं काय चुकलं व्हय रं?”

“चुकलं नाही, पण वेळ...”

“चाळीस मान्सांनी खाडा केला तुझ्यापायी. घसा फुटला पोरांचा. आन् तू म्हनतो वरडू नका.” तात्या खाली बसले. “बरं. न्हाई वरडत.”

आणि ते ओरडले नाहीत. टाळीही नाही, हूं की चूं नाही. दोन रांगा दगडासारख्या बसून राहिल्या. मागच्यांना वाटलं, पुढच्या जाणकारांना आवडत नाहीये, मग आपण कशाला? ते अवघडल्यासारखे गप्प झाले. तिसऱ्या अंकातलं विरहाचं पद, ज्यासाठी गाडिलकर महिनाभर कोमट पाणी पीत होते, ते शांततेत विरून गेलं. ते त्यांनी आयुष्यात इतकं चांगलं कधीच म्हटलं नव्हतं, आणि कुणी एक टाळी दिली नाही. विंगेत येऊन ते खुर्चीवर बसले आणि त्यांना चक्क रडू आलं. दाढीचा डिंक ओला झाला.

तिसऱ्या अंकाचा पडदा पडला तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. पुण्याच्या बाईंनी हेमलतेचा शालू फेडला, स्वतःचं पातळ नेसल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि स्टँडकडे गेल्या. विंगेत सुभेदार आले. ते माणूस वाईट नव्हते. पण सहा म्हणजे सहा. त्यांनी एकेक दिवा बंद करायला सुरुवात केली.

गाडिलकर पडद्याबाहेर आले. फकिराची कफनी, अर्धी सुटलेली दाढी. “मंडळी,” ते म्हणाले, “वेळेअभावी चौथा अंक होणार नाही.” पाचव्यांदा! आणि या वेळी उठवून न्यायला कुणी आलंही नव्हतं. स्वतःच्याच हौसेनं त्यांनी तो अंक गिळला होता.

पुढच्या रांगेतून रखमाजीतात्या उठले.

“का न्हाई हुनार?”

“सभागृह सोडायचंय तात्या.”

“मंग सोडू की. भाईर जागा न्हाई का?” तात्या मागं वळले. “त्या राजाचं फुडं काय झालं ते कळल्याबिगर आमी वाडीवर जानार न्हाई. खाडा केलाय. उठा रं, ती पेटी उचला.”

तीन महिने धोंडे वाहिलेल्या माणसांना पायपेटी म्हणजे काय! सहा जणांनी ती अलगद उचलली. मागून शमुवेल मास्तर “सावकाश, देवाघरची आहे” म्हणत स्टूल घेऊन धावले. सभागृहासमोरच्या मैदानात चिंचेखाली पेटी ठेवली गेली. लोक मातीत बसले. सिनेमाला आलेले जवान आधी उभ्यानं पाहत होते, मग तेही बसले. सुभेदारांनी साडेसहापर्यंत दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून तेही पाहायला थांबले.

हेमलतेची वाक्यं बन्सींनी चिंचेमागून वाचायची ठरली. ती प्रत डेपोतल्या टाइपरायटरवर काढलेली, कार्बनची चौथी. मावळतीच्या उजेडात बन्सींना पहिली चार वाक्यं दिसली आणि मग अक्षर दिसेना. तोवर चंद्रकेतू दारात येऊन उभा राहिला होता. मास्तरांनी सूर धरला. संथ, पवित्र. या पदाला तीच चाल हवी होती, हे त्या क्षणी सगळ्यांना कळलं. गाडिलकर गाऊ लागले:

“दार उघड सखये आता, सरली सारी वाट...”

आणि पुढची ओळ गेली. इतकी वर्षं पाठ असलेली ओळ मुळातूनच नाहीशी झाली. त्यांनी पहिली ओळ पुन्हा म्हटली. मग आळवून म्हटली. मास्तर वाजवत राहिले. बन्सी चिंचेमागे कागद डोळ्यांना लावून “थांबा, थांबा” करत होते.

तेव्हा बायकांतून आवाज आला. गाण्यातला नव्हे, घरातला. मीठ कुठं ठेवलंय ते सांगावं तसा.

“राज्य गेले, मुकुट गेला, उरला रिता हात.”

राहीबाई उभ्या राहिल्या होत्या. गाडिलकरांनी ओळ घेतली, सुरात बसवली, शेवटपर्यंत गायले. पुढे हेमलतेचं वाक्य होतं. बन्सींकडून काही येईना. राहीबाईंनी पदर सारखा केला आणि तिथूनच म्हटलं, “महाराज, वेष बदलला तरी पाऊल बदलत नाही.” वाक्यावर वाक्य, सगळी तशीच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. हेमलतेनं कंकण काढून चंद्रकेतूच्या हातात घालायचं तिथं त्यांनी पुढं येऊन खरीच हातातली काचेची बांगडी काढून दिली. ती गाडिलकरांच्या मुठीतून पुढं सरकेना, म्हणून ते ती बोटांत धरून उभे राहिले. लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. तात्या डोळे पुसत होते.

पेटी टेम्पोत चढली. वाडीची मंडळी रामराम करून गेली. दोघं नवराबायको पायी घराकडे निघाले. गाडिलकरांनी आज चौथा अंक पाहिला होता, आणि पाहताना त्यांचं लक्ष नाटकात नव्हतंच. ते राहीबाईंकडे पाहत होते. पंचवीस वर्षांत आपण हिच्याकडे असं टक लावून पाहिलंच नाही, याची त्यांना लाज वाटत होती आणि आनंदही होत होता.

“तुला कसं गं येतं हे सगळं?”

“हेमी सव्वा महिन्याची हुती तवा ती कंपनी तुमच्या नगराहून आमच्या राहुरीलाच आली. मांडीवर तिला घिऊन बसले. दोनदा बघितलं, शेवटापर्यंत. अन् पुढं रोज सकाळी तुमी न्हाणीघरात घोकायचा. ऱ्हातं ध्यानात.”

गाडिलकर रस्त्यातच थांबले. “बावीस वर्षं! अगं, एका शब्दानं बोलली नाहीस?”

“तुमी तार मिळाली तवा आला ते तोंड एवढंसं करून. पोरीच्या पायी चौथा अंक हुकला म्हनाला. आधी पोरीचं तोंड तरी बघायचं. मला राग आला. म्हनलं, ऱ्हाऊ द्या तसंच.”

गाडिलकरांनी चार पावलं टाकली आणि मग त्यांच्यातल्या नटाला काही राहवेना.

“त्या कंपनीतला चंद्रकेतू कसा होता? माझ्यापेक्षा बरा गायचा?”

“लई बरा,” राहीबाई म्हणाल्या. “पर मला न्हाई आवडला.”

“का?”

“त्याला समदं पाठ हुतं.”